दादा सीरियस

ऐक ना वल्लरी, आधी फक्त ऐक. चहा नको, सरबत नको, तुझ्या आईला सांग मी जेवून आलेय, आणि मधे मधे "मग?" म्हणू नकोस, कारण खाली गाडीत अब्बा एसी लावून बसलेत आणि त्यांना वाटतंय मी तुझ्याकडे पेन आणायला आलेय. पेन. म्हणजे आमच्या घरातली सगळी पेनं, आत्ताच सगळ्यांनी वापरलेलंसुद्धा, एकाच वेळी सुकली, अशी थाप मारलीये मी, आणि ती त्यांना पटली. आमच्याकडे थापा पटतातच. तीच तर सगळी गोष्ट आहे.

माझ्या भावाचं, जुनैदचं तुला माहितीये, त्याचा वर्क परमिट नाकारला. का ते माहीत नसेल. कॅनडात डिग्री झाली की तिथे नोकरी करायचा परमिट मिळतो, पण अट अशी की कोर्सभर तुम्ही पूर्णवेळ शिकत राहिलेलं पाहिजे. आणि आमच्या साहेबांनी मधलं एक अख्खं सेमिस्टर घेतलंच नाही. कॉलेजकडे रीतसर रजेचा अर्जसुद्धा टाकला नाही, एका सरांना मेल केला आणि विमानात बसला. त्यांनी लिहून पाठवलं, अभ्यासाची अट पूर्ण होत नाही, खलास. पुलांची डिझाइनं करणाऱ्या कंपनीची नोकरी हातात आहे त्याच्या, ती परमिटसाठी थांबलीये. आता अपील करायचं, निर्णय पुन्हा तपासा म्हणायचं. नाही ऐकलं तर बॅगा भरून इकडे, आणि अब्बांच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या गोदामात ब्रेकपॅड मोजायचे. जुनैदला, ब्रेकपॅड.

सेमिस्टर का बुडलं? तर दादा सीरियस होते.

तुमच्याकडे दादा म्हणजे मोठा भाऊ, आमच्याकडे आजोबा. आणि "सीरियस" म्हणजे आमच्याकडे आजार नव्हे गं, आमच्याकडे ती लग्नपत्रिका आहे. हसू नकोस. दादा तरुणपणी इथे ओमानात, मत्रहच्या सूकमध्ये, त्या जुन्या बाजारात, कापडाच्या दुकानात होते, तेव्हा गावाहून तार आली, आई सीरियस, लगेच निघा. हे रडत रडत रत्नागिरीला पोचले तर आई मांडवात हळद वाटत होती आणि कोपऱ्यात आमची वजीरा दादी नवरी होऊन बसली होती. मग अब्बांची पाळी. तेव्हा फोन होता. दादी सीरियस. अब्बा गावी गेले तर दादी दारात उभी, म्हणाली, आलास, बरा झाला, आंघोळ कर, काझी थांबलाय. तिसऱ्या दिवशी अम्मी घरात. म्हणजे बघ, आमच्या खानदानात सरळ बोलावून कुणाचं लग्न लागलेलंच नाही. लग्नाळू मुलगा परदेशात असला की घरातलं कुणीतरी मरणाला टेकतं.

तर मागच्या जानेवारीत जुनैदची पाळी आली. इथून लांब सहम गावात राहणारी अमीरुन्निसा फुफी, अब्बांची मोठी बहीण, तिच्या सासरकडची एक मुलगी होती. जुनैद फोनवर म्हणायचा, डिग्रीनंतर बघू. मग फुफीने दादांना आजारी म्हणून आडवं पाडलं. तिने कुठूनतरी व्हीलचेअर मागून आणली, अम्मीने उशाला औषधांच्या रिकाम्या बाटल्या मांडल्या, अब्बांनी फोन केला. ठरलं होतं काय, की एक आठवडा. येईल, मुलगी बघेल, हो म्हणेल, जाईल. मुलगी बघायला आम्ही सहमला गेलो तर तिनेच नकार दिला, तिला दुसरा कोणी आवडत होता. तिथेच संपायला पाहिजे होतं. पण जुनैद परत गेला तो मे महिन्यात.

आता आजचं ऐक. जुम्म्याची नमाज झाली, सगळे जेवायला बसले, तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं कालवण, फुफी सहमहून सांदणांचा डबा घेऊन आलेली. आणि अब्बांचा फोन वाजला. जुनैदचा वकील, रुचिर म्हणून आहे, पुण्याचा, टोरोंटोत असतो. त्याचा मेसेज अब्बांनी मोठ्याने वाचला. अपिलाला आजोबांच्या आजारपणाचे हॉस्पिटलचे कागद जोडायचे आहेत, थोड्या वेळात कॉलवर बोलू तेव्हा हाताशी ठेवा.

दादांनी सुरमईचा दुसरा तुकडा घेतला.

"कसले कागद?" दादीने विचारलं.

"ॲडमिट होते त्याचे."

"कोण ॲडमिट होते?"

"अब्बाजी," अम्मी म्हणाली. दादांना ती अब्बाजी म्हणते.

"कदी?" दादीने दादांकडे वळून विचारलं. "मना कसा म्हायत नाय?"

दादा म्हणाले, "मीठ दे गो जरा."

आता एक मिनिट फुफीच्या डोक्यात शिर. तिचं डोकं असं, की अडचण म्हणजे ओळख कमी पडणे. तिने हात धुतले नाहीत, तशीच म्हणाली, "त्यात काय एवढं. आमच्या दुकानात एक डॉक्टर येतो, उधारीवर चहापत्ती नेतो. दोन ओळी लिहून देईल. छातीत पाणी झालेलं, लिवून टाकेल."

"आपा," अब्बा म्हणाले, "ते सरकार आहे. तिकडून फोन करून विचारतात."

"मग इन्शाल्ला आपला माणूस उचलेल फोन."

आणि आता अम्मीकडे ये. अम्मी फुफीला कधी उलटून बोललेली मी बघितलेली नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ती "जी आपा" वर जगलीये. आज तिने भाकरीचं ताट फुफीच्या पुढून उचललं, सरळ उचललं, आणि म्हणाली, "आपा, आता अजून एक खोटं नको. त्या खोट्याने माझ्या पोराची नोकरी चाललीये."

"वा. बाटल्या कोणी मांडल्या होत्या, सबीहा?"

"मी. तुमच्या सांगण्यावरून. एका आठवड्यासाठी."

"मग आठवड्याने धाडायचा होता. मी धरून ठेवलेला काय?"

"मी धरून ठेवला?"

"आता मना विचारू नकोस, मी सहमला होते."

आणि तेवढ्यात दादी, जिने आयुष्यभर लेकीची बाजू घेतली, ती शांतपणे म्हणाली, "सबीहा बरोबर बोलतंय. आठवडा ठरलेला. मग पोर चार म्हयने कसा रवला?"

वल्लरी, सगळ्या माना हळूहळू दादांकडे वळल्या. टेबलफॅन फिरतो ना, तशा.

दादा काटा काढत होते. खूप वेळ एकच काटा. मग म्हणाले, "मी जरा बरा झालो की तो तिकिटं बघायचा."

"मग?"

"मग मी परत पडायचो."

आता दादांच्या जागी बस जरा. दुकान विकल्यापासून ते अझैबाच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी पेपर आणि संध्याकाळी पेपर. अब्बा कामावर, मी कॉलेजात, दादी फोनवर गावच्या बायकांशी. आणि अचानक हा नातू आला, जो रोज त्यांची दाढी करतो, पाय चेपतो, व्हीलचेअरवर बसवून मत्रहला समुद्राकाठच्या रस्त्यावर, कॉर्निशवर नेतो. तिथे त्यांच्या जुन्या दुकानात आता उंटांचे फ्रिज मॅग्नेट विकतात. तरी जुन्या ओळखीचे व्यापारी बाहेर यायचे, जाफरभाई, कसं झालं हो हे, म्हणून हळहळायचे, आणि मांडीवर हलव्याचे डबे ठेवायचे. दादा मान पाडून हलवा घ्यायचे. चार महिने. त्यांचं वजन वाढलं त्या आजारपणात.

"अब्बाजी," अम्मी म्हणाली, अगदी हळू, "त्याचं सेमिस्टर गेलं."

"मना काय ठाव सेमिस्टर म्हंजे काय? मना वाटला सुटीच हाय. तो बोललाच नाय."

आणि तेवढ्यात लॅपटॉप वाजला.

मी तो कालवणाच्या पातेल्याला टेकवून ठेवला. एका चौकटीत जुनैद, हूडी घातलेला, डोळे सुजलेले, तिकडे नुकतंच उजाडलेलं. दुसऱ्यात रुचिर, भांग पाडलेला, मागे पुस्तकं एका उंचीची.

"नमस्कार सगळ्यांना. जेवणं चाललीत का? मग मी थोडक्यात घेतो. आजोबा आहेत का? नमस्कार आजोबा, आता तब्येत कशी आहे?"

"एक नंबर," दादा म्हणाले.

"छान. तर कोणत्या हॉस्पिटलला होतात आपण?"

फुफीने टेबलाखालून अब्बांना चिमटा काढला, मला दिसलं. अब्बा खोकले. अम्मीने पदर तोंडाशी धरला. आणि दादा लॅपटॉपच्या इतके जवळ गेले की तिकडे त्यांना फक्त नाक दिसत असणार.

"खयच्याच नाय. मना काय झालाच नवता. जुनैद, बाळा, मी नाटक केला."

मी जुनैदकडे बघत होते. तू म्हणशील धक्का बसला असेल. तो दादांकडे बघतच नव्हता. त्या चौकटीतून तो कुठे बघतोय कळत नाही, पण मला कळलं. तो मला शोधत होता.

रुचिरने चष्मा काढला, पुसला, घातला. पुणेरी माणूस गं, राग आला की अजून सभ्य होतो.

"असं. मग एक गोष्ट आधीच सांगतो. खोटा कागद मी एकही लावणार नाही. कुणाच्या ओळखीचे डॉक्टर असतील तर त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा."

फुफी म्हणाली, "याला कोणी सांगितला?"

"कोणी नाही ताई, प्रत्येक घरात एक असतात. आता मुद्द्याचं. आजोबा आजारी नव्हते. पण जुनैदला ते आजारी आहेत असं खरंच वाटत होतं ना? मग तो प्रामाणिकपणे आला आणि प्रामाणिकपणे थांबला. ते मी मांडू शकतो. अधिकारी मानेलच असं नाही, पण मांडण्यासारखं एवढंच आहे. फक्त त्याला तुमचा लेखी जबाब लागेल. घरातल्या सगळ्यांनी लिहून द्यायचं, की आम्ही ठरवून त्याला फसवलं आणि शेवटपर्यंत त्याला कळू दिलं नाही."

"लिहून," अब्बा म्हणाले.

"आणि सही करून."

वल्लरी, आमच्या घरात तीन पिढ्या लोक बिनधास्त खोटं बोलत आलेत, पण खोटं बोललो असं लिहून द्यायची वेळ आली तर सगळ्यांना एकदम इज्जत आठवली. फुफी म्हणाली, 'फसवलं'वर मी सही करणार नाही, 'बोलावलं' लिहा. अब्बा म्हणाले, 'गैरसमज झाला' लिहिलं तर? रुचिर म्हणाला, तो आपोआप झाला का? फुफी म्हणाली, माझ्या सासरी कळलं तर? दादी म्हणाली, तुज्या सासरी व्हीलचेअर कोणी मागितलेली, आमी?

अम्मी तोपर्यंत आतून वही घेऊन आली आणि लिहायलासुद्धा लागली. रुचिर सांगतोय, ती लिहितेय, आणि तिचा चेहरा बघायला पाहिजे होतास, इतकी वर्षं मनात ठेवलेलं कोणीतरी शेवटी डिक्टेट करत होतं. फुफीचं नाव तिने जरा मोठ्या अक्षरात लिहिलं.

दादांनी पहिली सही केली. उर्दूत, लफ्फेदार, दुकानाच्या बिलावर करायचे तशी. मग दादीने. दादी म्हणाली, "हात धुतलाच हाय तर एक सांगते. यासिर, तुला बोलावलेला तवा मीपण ठणठणीत होते."

"ते मला दारातच कळलं होतं, अम्मा," अब्बा म्हणाले.

मग पेन हातात धरून बोलायला लागले. आता अब्बांच्या जागी बस, कारण मीही आज पहिल्यांदाच बसले. ते लॅपटॉपकडे बघून बोलत होते, आमच्याकडे नाही. म्हणाले, "तेव्हा कंपनी मला ड्राफ्ट्समनच्या ट्रेनिंगला दुबईला पाठवणार होती. मी गावी गेलो, लग्न झालं, परत आलो तोवर दुसरा गेला होता. मग स्टोअरमध्ये जागा होती." बस, एवढंच. अम्मीने हे कधीच ऐकलं नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून कळलं. दादी भाकरीकडे बघत राहिली. अब्बांनी सही केली आणि पेन फुफीपुढे ठेवलं. "आपा, गावाहून तो फोन तूच लावून दिला होतास. कर."

फुफीने केली. 'फसवलं'वर. वर म्हणाली, सांदणं गार होतील, कोणी खातच नाय.

मला वाटलं संपलं. तर रुचिर म्हणतो, "नौशीन पण तेव्हा घरीच होती ना? मग तिचीही हवी. भावंडांना सगळ्यात जास्त माहिती असतं, तिकडे तेच आधी विचारतील. शेवटची ओळ वाचून दाखवतो. आमच्या माहितीप्रमाणे जुनैदला तो परत जाईपर्यंत हे कळलेलं नव्हतं. जुनैद, बरोबर आहे ना हे?"

जुनैद काहीतरी खाजवत होता गालावर. म्हणाला, "नौशीला एकदा नीट वाचू दे."

नीट वाचू दे म्हणे.

आता मी तुला जे सांगतेय ते घरात कुणालाच माहीत नाही. फेब्रुवारी होता, जुनैदला येऊन काही आठवडे झाले होते, तो मला गाडी शिकवत होता. सकाळी आम्ही बीचच्या रस्त्याने गेलो, जिथे मासेमारीच्या होड्या लागतात. आणि समोर कोण, तर दादा. आमचे सीरियस दादा, जे घरी दार लावून झोपलेले असायला पाहिजे होते. लुंगी वर खोचलेली, गुडघाभर पाण्यात, ओमानी पोरांबरोबर जाळं ओढतायत, "यल्ला, यल्ला" ओरडतायत. मग एक एवढी मोठी सुरमई खांद्यावर टाकून भाव करायला लागले. म्हणजे घरात रोज ताजी सुरमई कुठून येते, दादी म्हणायची शेजारी देतात, ते हे.

मी ब्रेकच दाबला. जुनैद इतका हसला की रडायला लागला. मी म्हटलं, चल, पकडू या. तर म्हणाला, "गाडी मागे घे."

"अरे पण..."

"मागे घे, नौशी. आपण बघितलं हे त्यांना कळलं तर उद्यापासून खरंच आजारी पडतील."

मी म्हटलं, मग तू आता जाशील ना परत? तेव्हा गेला असता तर सेमिस्टर वाचलं असतं, त्यानेच मला तसं सांगितलं होतं आधी. तो खिडकीबाहेर बघत होता. तिथल्या खोलीबद्दल तो कधी बोलायचा नाही, फक्त एवढंच म्हणायचा की बर्फ पडला की आवाज येत नाही. मग म्हणाला, "तिथे मला थांबवायला कोणी इतकं खोटं बोलत नाही गं." आणि संध्याकाळी घरी येऊन दादांचे पाय चेपत बसला, दुखतात का म्हणून विचारत. त्या दिवसानंतर त्याने तिकिटं बघितली नाहीत.

म्हणजे कळतंय ना तुला? आधी त्याला खरंच माहीत नव्हतं. नंतर होतं. आणि कागदावर लिहिलंय, शेवटपर्यंत नव्हतं. एका ओळीवर त्याचं सगळं लटकलंय, पूल, नोकरी, सगळं. मी सही केली की खोटं पूर्ण. नाही केली तर रुचिर विचारणार का नाही केली, आणि मला तर सरळ चेहऱ्याने थाप मारता येत नाही, पेनाची मारली तेव्हा माझे कान लाल झाले होते.

आणि नुसतं तेवढंच असतं तर केलीही असती. पण दादा, वल्लरी. सही केल्यापासून दादा आत जाऊन पडलेत. दार उघडं. भिंतीकडे तोंड करून. अम्मीने हलवा नेला तर नको म्हणाले. मी पाय चेपायला गेले तर म्हणाले, "मी पोराचा घर बुडवला गो." त्यांना एवढंच सांगितलं की त्याला माहीत होतं, तो तुमच्यासाठी मुद्दाम राहिला, तर ते आत्ता उठतील, लुंगी खोचतील, बीचवर जातील. एक वाक्य. पण ते दादांना सांगितलं की दादीला कळणार, दादीला कळलं की फुफीला, आणि फुफीला कळलं की कॅनडाला कळायला काय वेळ लागतो?

हा बघ कागद. ही दादांची सही, ही अम्मीची, आणि ही जागा माझी. जुनैदला मी मेसेज केला, काय करू? त्याने सुरमईचं चित्र पाठवलं. फक्त मासा. ह्याचा अर्थ काय घ्यायचा माणसाने?

तो ऐकलास? हॉर्न. अब्बाच आहेत. दे ते पेन, नाही, नको देऊस, थांब. आधी सांग, माझ्या जागी तू असतीस, तर तू काय केलं असतंस?